दुसऱ्याचे मांजर आणि मैत्रीचा धर्म

शेजारच्या घरचे मांजर रोज आपल्या ओट्यावर येऊन बसू लागले, की त्याच्याशी जडणाऱ्या नात्याला काय म्हणावे हा प्रश्न उभा राहतो. ते भुकेले नसते. त्याला घर असते, नाव असते, त्याच्या वाटणीची दूधपोळी देणारे माणूस असते. तरी ते येते, पायाला अंग घासते, दारात पसरते आणि आपल्या वेळी उठून निघून जाते. या नात्याला दया म्हणता येत नाही, कारण त्या मांजराला कशाची उणीव नसते. पालनही म्हणता येत नाही, कारण ते आपले नसते. उरतो तो मैत्री हा शब्द. भारतीय धर्मविचारात हा शब्द सहज वापरायचा नाही. तो साधनेतला शब्द आहे आणि त्याला अटी आहेत. त्यांतली सर्वांत कठीण अट ममत्व सोडण्याची, म्हणजे ‘माझे’ न म्हणण्याची. दुसऱ्याच्या मांजराशी ही अट रोज पाळावी लागते.

वऱ्हाडात हा प्रसंग नेहमीचा आहे. अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत घराला घर लागून असते. गावाकडच्या मातीच्या धाब्यांवरून तर मांजर जमिनीला पायही न टेकवता अर्धी आळी फिरून येते. ज्वारीच्या कणग्या आणि घरात भरून ठेवलेला कापूस व सरकी यांमुळे उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला, की ज्या घरात रांजणाखालची ओली रेती किंवा कूलरचा झोत असेल ते घर मांजराला आपले वाटते, मग ते कोणाचेही असो. शेजारणीला विचारले जाते, “काकू, तुमची मनी रोज येते आमच्याकडे, तिले दूध देऊ का?” वरवर साध्या वाटणाऱ्या या विचारण्यात हक्क, मैत्री आणि अन्न हे तिन्ही प्रश्न आलेले असतात.

शास्त्रांनी मांजराला घरात फारशी मानाची जागा दिलेली नाही. पितृपक्षातल्या पंचबलीत गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी यांची पाने वाढली जातात. मांजराचे पान त्यांत नाही. जो प्राणी चुलीपाशी झोपतो त्याला वाटणी नाही आणि जी मुंगी डोळ्यांना धड दिसत नाही तिला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मनुस्मृतीत ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, असे नाव आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणाऱ्या आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना खाणाऱ्या मांजराची कथा येते. दुसरीकडे, मांजर हातून मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. वाटणी नाही, विश्वास नाही, पण त्याच्या जिवाची किंमत मात्र सोन्याची, असे हे विलक्षण स्थान आहे. मांजर घरात राहूनही पुरते घरचे झाले नाही, हेच त्यामागचे कारण दिसते.

प्राणिशास्त्रही याला दुजोरा देते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरांत दाखवून दिले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. बैलाला वेसण घालून आणि घोड्याला लगाम लावून माणसाने कामाला जुंपले. मांजर मात्र धान्याच्या वासाने आलेल्या उंदरांमागे स्वतः येऊन राहिले, आणि माणसाने त्याला हाकलले नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाच्या हाताची सवय झाली, तर ते पुढे अनोळखी माणसाजवळही निर्धास्त जाते. शेजारचे मांजर आपल्याकडे येते यात म्हणूनच त्या शेजाऱ्याचा मोठा वाटा असतो: लहानपणी त्याने त्याला प्रेमाने हाताळले, त्या विश्वासाचे फळ दुसऱ्या ओट्याला मिळते. गाल आणि कपाळ घासून मांजर आपला गंध माणसावर ठेवते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवले, की माणसाने डोळे बारीक करून सावकाश मिटले तर मांजरही तसेच करते आणि असे करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जायला अधिक तयार होते. ओळख होते ती अशी, हाताने ओढून घेऊन होत नाही.

आता मैत्री या शब्दाकडे वळावे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न होण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीचा विषय वेगळा ठरवून दिला आहे. करुणा दुःखी जीवाविषयी, मैत्री सुखी जीवाविषयी. ही वाटणी प्रथम वाचताना चमत्कारिक वाटते. सुखी जीवाला आपली काय गरज? पण गरज नसलेल्याशी जोडलेला स्नेह म्हणजेच मैत्री, असे पतंजलीला म्हणायचे आहे. पावसात भिजलेले, हाडे दिसणारे बेवारस पिल्लू दारात आले तर जागी होते ती करुणा. तिथे खायला देणे आणि आडोसा देणे हेच कर्तव्य. शेजारचे गुबगुबीत मांजर येते तेव्हा देण्यासारखे काही उरत नाही. ते सुखात आहे याचा आनंद वाटणे, एवढेच हातात असते. दातृत्वाची सवय असलेल्या मनाला हे जड जाते. माणसाला उपकार करायला आवडते, आणि उपकारातून मालकी कधी सुरू होते ते कळत नाही.

बौद्ध परंपरेने हा धोका नेमका ओळखला. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे, म्हणजे याच चार भावनांतल्या प्रत्येकीचे, दोन शत्रू सांगितले, एक दूरचा आणि एक जवळचा. मेत्तेचा, म्हणजे मैत्रीचा, दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून अधिक घातक. ज्या मांजराची वाट पाहता पाहता मन बेचैन होते, ते दुसऱ्याच ओट्यावर दिसले तर खट्टू होते, तिथे जवळचा शत्रू घरात शिरलेला असतो. बुद्धाने सर्पदंशाने मेलेल्या भिक्खूच्या निमित्ताने बिनपायाच्या, दोन पायांच्या, चार पायांच्या आणि पुष्कळ पायांच्या जीवांविषयी मेत्ता करण्याचा उपदेश केला, असे अंगुत्तर निकायात आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडात मोठा बौद्ध समाज उभा राहिला, त्यामुळे मेत्ता हा शब्द इथे केवळ पोथीत राहिलेला नाही.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सुरू होतात त्या तेराव्या श्लोकात ‘मैत्र’ आणि ‘निर्मम’ हे दोन शब्द एकाच ठिकाणी येतात. सर्व भूतांचा मित्र असावा आणि ‘माझे’ म्हणणारा नसावा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून एकाच वेळी अपेक्षित आहेत. व्यवहारात मैत्री वाढली की ममत्व वाढते, ममत्व सोडायला जावे तर स्नेह आटतो. गीतेला मात्र दोन्ही एकत्र हवे आहेत. घरात स्वतःचे मांजर पाळणाऱ्याला ही कसोटी लागतच नाही, कारण ‘माझे’ म्हणण्याचा त्याला हक्क आहे. शेजारच्या मांजराच्या बाबतीत तो हक्क मुळातच नसतो, आणि स्नेह तर असतो. बाराव्या अध्यायाचा हा धडा इतक्या लहान आणि इतक्या स्पष्ट रूपात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

ममत्वाचा धोका काय, हे भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या भरताच्या कथेत आहे. राज्य सोडून वनात गेलेल्या भरताने नदीत पडलेले हरणाचे पोर वाचवले. वाचवणे योग्यच होते. पुढे त्याच्याखेरीज त्याला काही सुचेना. मरतानाही डोळ्यांपुढे तेच राहिले आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. राज्य, पत्नी, पुत्र सोडणे ज्याला जमले त्याला एक पाडस सोडता आले नाही. या कथेचा रोख दयेवर नाही. पाडस मोठे होऊन कळपाकडे वळण्याच्या वयाचे झाले, तरी भरताच्या मनाने त्याला जाऊ दिले नाही, तिथे चूक आहे. रामकृष्ण परमहंस सांगत त्या कौपिनाच्या गोष्टीत तर मांजरच येते: लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून साधूने मांजर पाळले, मांजराच्या दुधासाठी गाय, गाईच्या चाऱ्यासाठी शेत, आणि शेवटी सगळा संसार. दोन्ही कथांतला साधक प्राण्याला आपल्या आश्रमात आणतो. शेजारचे मांजर संध्याकाळी आपल्या घरी परत जाते, आणि ते जाणेच या नात्याचे रक्षण करते.

वऱ्हाडच्या भूमीने या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिलेले आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तिथले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने लीळाचरित्राचे संकलन केले तेही तिथेच. त्या ग्रंथातली सशाची लीळा प्रसिद्ध आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मांडीखाली शिरतो. पारधी आपला ससा मागतात. स्वामी तो देत नाहीत आणि शरण आलेल्याला मरण कसे द्यावे, या बाजूने त्यांच्याशी बोलतात. पारधी निघून गेल्यावर ससा मोकळा होतो. स्वामी त्याला पाळत नाहीत. आला तेव्हा आसरा आणि जाताना मोकळीक, इतकेच तिथे घडते. अहिंसेचे पुष्कळ गोडवे गायले जातात, पण आश्रय आणि मालकी यांतले अंतर इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी मराठी कथा सापडणे कठीण.

संत गाडगेबाबांचा शब्द ‘अभय’ हा. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामांकडे, आणि 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी ही सूत्रे वेगळी आहेत, आणि पशू-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय हे सूत्र वेगळे. हे वेगळेपण मोलाचे आहे. मुक्या प्राण्याला नेहमी अन्नच द्यावे लागते असे नाही. त्याला दगड बसू नये, गाडीचा धक्का लागू नये, आडवे गेले म्हणून शिव्या बसू नयेत, एवढे पुष्कळदा पुरते. शेजारच्या मांजराला ओट्यावर निर्भयपणे झोपू देणे हे गाडगेबाबांच्या अर्थाने पुरेसे दान आहे.

इस्लामी परंपरेत मांजराला वऱ्हाडातल्या इतर परंपरांपेक्षा अधिक मोकळे स्थान आहे. अचलपूर, बाळापूर आणि खुद्द अकोल्यातली जुनी मुस्लीम वस्ती पाहता ते इथल्या जीवनाचाच भाग आहे. वुजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याच्या, पाण्याला मांजराने तोंड लावले तर पाणी अपवित्र होते का, या प्रश्नावर अबू कतादा या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, हकीकत हदीसग्रंथांत आहे. त्यांनी मांजराला पिता यावे म्हणून भांडे तिरके धरले आणि चकित झालेल्या सुनेला पैगंबरांचे वचन सांगितले: मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. वावरणाऱ्यांसाठी तिथे ‘तव्वाफीन’ हा शब्द येतो. काबाभोवतीच्या प्रदक्षिणेला ज्या धातूवरून तवाफ म्हणतात, त्याच धातूचा. येणे-जाणे हाच मांजराचा परिचय, असे हा शब्द मानतो. त्याच परंपरेत, मांजराला कोंडून ठेवून अन्नाविना मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आहे. तिने त्याला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडूकमिडूक खायला मोकळेही सोडले नाही, हा तिचा दोष. प्रेमापोटी दार लावून घेणाऱ्यानेही ही हदीस आठवावी अशी आहे.

सर्वांत कठीण प्रश्न जैन विचाराने विचारला: मांजराशी मैत्री करताना उंदराचे काय? हा विचारही वऱ्हाडाला परका नाही. कारंजा (लाड) हे आता वाशिम जिल्ह्यात असलेले गाव 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होते आणि शतकानुशतके भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गादीचे ठिकाण होते. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथही त्याच भागातले. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळण्याचे जे पंधरा धंदे सांगितले, त्यांत ‘असतीपोषण’ हा एक आहे, आणि मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा यांच्यासोबत तिथे मांजराचे नाव स्पष्ट येते. तिथला निषेध पैशासाठी पोसण्याचा आहे, हे खरे. तरी जो जीव दुसऱ्या जीवांवर जगतो त्याला बळ देताना हिंसेचा वाटा आपल्याकडे येतो का, ही शंका त्यामागे आहे. 1760 साली तेरापंथ स्थापन करणाऱ्या आचार्य भिक्षूंनी लौकिक दया आणि आत्मशुद्धीची दया यांत भेद केला, आणि त्या वादात मांजराच्या तोंडातून उंदीर सोडवण्याचे उदाहरण पुन्हा पुन्हा येत राहिले. उंदीर वाचला तर मांजर उपाशी, मांजर जेवले तर उंदीर मेला. बाहेरच्या माणसाने कोणाची बाजू घ्यावी?

या शंकेला पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणे बरे नव्हे. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन हे त्याला लागणारे द्रव्य वनस्पतींतून मिळत नाही. त्याला शाकाहारी करण्याचा आग्रह म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या बाराव्या अध्यायावर लिहिताना दिलेला पाण्याचा दृष्टांत इथे वाट दाखवतो: पाणी गाईची तहान भागवते आणि वाघासाठी विष होत नाही. मैत्री ही निवाडा करण्याची जागा नव्हे, एवढे त्यातून घेता येते. मात्र ओट्यावर चिमण्यांसाठी ज्वारी टाकायची आणि तिथेच मांजरालाही बसवायचे, हे विश्वासघातासारखे होते. चिमण्यांचे पाणी उंच टांगणे किंवा दाणे दुसऱ्या बाजूला ठेवणे हातातले आहे, आणि जे हातातले आहे ते केलेच पाहिजे.

मांजर खरोखर मित्र होते का, की खाण्यासाठीच येते? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली पलित उंदीर आणि लोमश मांजर यांची कथा या शंकेची सर्वांत तिखट मांडणी करते. जाळ्यात अडकलेल्या लोमशाला पलित सोडवतो, कारण त्या घटकेला मुंगूस आणि घुबडापासून त्याला स्वतःला वाचायचे असते. संकट टळल्यावर लोमश मित्र म्हणून जवळ बोलावतो, आणि पलित जात नाही: कायमचा मित्र कोणी नसतो, गरज मित्र घडवते. अॅरिस्टॉटलनेही घोड्या-बैलाशी मैत्री होत नाही असे लिहिले, कारण दोघांत सामायिक काही नसते. मोंतेन या फ्रेंच निबंधकाराने सोळाव्या शतकात उलटी शंका काढली: आपण मांजराशी खेळतो, की ते आपल्याशी खेळते, हे कोणी ठरवायचे? पलिताचे म्हणणे खोडायचे तर शेजारचे मांजरच त्याला साक्षी आहे. घरी पोटभर खाऊन ते येते आणि काही न मिळताही तासभर बसते. इथे गरजेचा धागा जवळजवळ तुटलेला असतो. थंड फरशी किंवा ऊन त्याला हवे असेलही. पण माणूस उठून आत गेल्यावर त्याच्यामागून आत येणारे मांजर फरशीसाठी येत नाही.

त्यामुळेच खायला घालण्याबाबत सावध राहावे लागते. अन्नाने मांजर ओढता येते, आणि ओढलेले मांजर हळूहळू आपल्या घरचे जेवण सोडते. शेजाऱ्याच्या संमतीवाचून असे करणे अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या, व्रतात बसत नाही. वस्तू उचलली नसली तरी जिव्हाळा वळवला जातो. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, एखाद्याला औषध चालू असते, एखादे गाभण असते, आणि हे घरच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून आधी विचारावे. स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र उन्हाळ्यात न विचारता ठेवावे. पाण्याला वऱ्हाडात कोणी परवानगी मागत नाही. दार उघडे असावे आणि रात्री मांजर आत कोंडले गेलेले नाही हे पाहावे. लंगडताना किंवा जखमी दिसले तर प्रथम शेजाऱ्याला कळवावे. तो गावाला गेला असेल तर पशुवैद्याकडे न्यावे. त्या वेळी मैत्रीची करुणा होते आणि करुणेला संमतीसाठी थांबायचे नसते.

नावाचा प्रश्नही लहान नाही. शेजारी ‘मनी’ म्हणतात आणि इकडे पोरे तिला ‘राणी’ म्हणू लागतात. नाव ठेवणे ही मालकीची पहिली पायरी, म्हणून शेजाऱ्याचेच नाव वापरणे अधिक सरळ. मांजर दोन्ही हाकांना येते, पण त्या नावामागे ज्याने तिला पिल्लू असताना हातात धरले त्याची आठवण असते.

पतंजलीच्या चार भावनांतली चौथी, उपेक्षा, त्याने दुष्कृत्यांच्या संदर्भात सांगितली. बौद्ध परंपरेत तिचा अर्थ समतोल असा व्यापक होतो. बुद्धघोष तिचाही जवळचा शत्रू सांगतो: बेफिकिरी. शेजारचे मांजर चार दिवस आले नाही, तर समतोल राखणारा माणूस कुढत बसत नाही आणि बेफिकीरही होत नाही. तो जाऊन विचारतो. कधी ते नव्या पिल्लांपाशी असते, कधी शेजाऱ्यांनी घर बदललेले असते आणि ते त्यांच्यासोबत अकोल्याहून अमरावतीला गेलेले असते. कधी ते मेलेले असते. अशा मरणाला सुतक नाही आणि मंत्र नाहीत. घरचे माणूस परसात किंवा शेताच्या धुऱ्यावर खड्डा खणून त्याला पुरते. तिथे उभे राहण्याचा हक्क शेजाऱ्याला नसतो, आणि तरीही बहुतेक वेळा घरचेच त्याला हाक मारतात, कारण मनी रोज दुपारी कुठे असायची हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असते.